निवृत्तीभाऊंचे तेरा संचालक

निवृत्तीभाऊ गेल्याची बातमी मला दोनदा कळली. सकाळी अंगणात हरभऱ्याची डाळ उन्हात घालत होते, तेवढ्यात अंकुशचा फोन आला. "बाई, सेक्रेटरी गेले..." एवढंच बोलला आणि त्याचा आवाजच गेला. मी तिथंच उंबऱ्यावर बसले, तोच पांडबाचा फोन. "बाई, भाऊ गेले. अंकुशनं सांगितलंच आसल, पर त्यानं नीट सांगितलं नसल, म्हणून मी केला." अंकुशनं सांगितलेली कुठलीच गोष्ट पांडबाला जशीच्या तशी मान्य होत नाही, मग ती मरणाची का असेना. डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि तोंडात हसू. असलं विचित्र रडणं मी आयुष्यात कधी रडले नव्हते.

विहारात बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं आणि भाऊंना उचलायची वेळ आली, तर पुढच्या दांड्याला दोघंही हजर. अंकुश म्हणतो मी धरणार, पांडबा म्हणतो तू कावून, मी धरणार. चाळिशी ओलांडलेले, मिशा पिकायला लागलेले बाप्ये हे! मी त्यांना अंगणवाडीत खिचडी भरवलीय, नाकं पुसलीत, त्यामुळं माझा आवाज त्यांच्यावर अजून चालतो. म्हटलं, "निम्म्या वाटेपर्यंत अंकुश, तिथून पुढं पांडबा. आणि तोंडातून शब्द काढाल तर दोघांनाबी मागं पाठवीन." हे ऐकून आजूबाजूची माणसं खाली मान घालून हसली. कारण निम्मं तुझं, निम्मं माझं हा तोडगा निवृत्तीभाऊंचाच होता. परत येताना मात्र जो तो मला एकच विचारत होता, "बाई, आता क्लबाचं काय?" खरं सांगायचं तर मलाही तीच धास्ती होती. भाऊ गेले ते गेलेच, त्यांच्या मागोमाग क्लबही जातो की काय...

ज्यांनी भाऊंना पाहिलेलं नाही त्यांना सांगते. आमच्या घाटनांदूरच्या सोसायटीचे ते गटसचिव. ठेंगणे, सावळे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि पायात बारा महिने फुटबॉलचे बूट. सोसायटीत बूट, लग्नात बूट, तालुक्याच्या साहेबासमोर बूट. फरशीवर टक टक टक वाजलं की ओळखायचं, जोगवा मागायला... नव्हे, वसुलीला भाऊ आले. तरुणपणी ते हैदराबादला मामाकडं राहिलेले. मामा गिरणीत कामाला, आणि रविवारी भाचा तिथल्या मैदानांवर. तिथं त्यांना फुटबॉलचं वेड लागलं. नोकरी लागून गावी आले तेव्हा पॅसेंजरमधून उतरताना एका हातात पत्र्याची ट्रंक आणि दुसऱ्या काखेत चेंडू. स्टेशनवर बसलेल्या म्हाताऱ्यांना वाटलं, पोरगं हैदराबादहून टरबूज घेऊन आलं.

बीड जिल्ह्यात फुटबॉल म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "कबड्डी म्हणायचंय का?" पण भाऊ जिद्दीचे. सोसायटीच्या गोडाऊनमागं रेल्वेच्या रुळापर्यंत जो माळ पसरलाय, त्यावरचे धोंडे पोरांकडून वेचून घेतले, निलगिरीच्या बल्ल्या रोवून गोल उभे केले आणि 'जागृती फुटबॉल क्लब' चालू केला. आमच्या गल्लीतली पोरं, वेशीकडची मराठ्यांची पोरं, स्टेशनकडची मुसलमानांची पोरं, सगळी एका मैदानात. इथवर सगळं झकास. पण पुढं भाऊंनी एक गोष्ट केली, जी फक्त सोसायटीत हयात घालवलेला माणूसच करू शकतो. क्लबाला नियम हवेत म्हणून त्यांनी सोसायटीचे पोटनियम समोर घेतले आणि जिथं 'संस्था' तिथं 'क्लब', जिथं 'कर्जदार' तिथं 'खेळाडू' असं करत एका बैठकीत सगळं उतरवून काढलं. झालं! मैदानात अकरा माणसं आणि क्लबाला संचालक तेरा. चेअरमन, व्हाईस चेअरमन, पाच वर्षांनी निवडणूक, वार्षिक सभा, चहा-शेव, सगळं आलं. संघात कोण खेळणार ते बहुमतानं ठरायचं. आणि चालू मॅचमध्ये एखादा खेळाडू बदलायचा असला तरी ठराव पाहिजे, ठरावाला सूचक पाहिजे, अनुमोदक पाहिजे.

निवडणूक आली म्हणजे पॅनल आलंच. स्टेशनकडचं पॅनल अंकुशचं. त्याची पिठाची गिरणी, त्यामुळं बायकांमध्ये वजन. गावाकडचं पॅनल पांडबाचं. त्याच्या गाई, त्याचं दूध, त्यामुळं चहावाल्यांमध्ये वजन. दोघंही पुढं खेळायचे, दोघांनाही गोल मारायचा असायचा. आता फुटबॉलमध्ये एकानं दुसऱ्याला चेंडू द्यायचा असतो एवढं तर मलाही पुढं कळलं. पण आमच्या क्लबात स्टेशन पॅनलचा माणूस गाव पॅनलच्या माणसाला चेंडू देईल तर शपथ! चेंडू समोरच्या संघाला गेलेला चालायचा, पण दुसऱ्या पॅनलला जायला नको. कॅप्टन कोण यावर एकदा इतकं पेटलं की भाऊंनी तोडगा काढला, पहिल्या हाफला अंकुश, दुसऱ्या हाफला पांडबा. मोठमोठ्या संस्थांत चेअरमनकी अशीच अर्धी-अर्धी वाटून घेतात, मग आपल्यात का नको? लोक धन्य झाले.

मी यात आले ती महिला राखीवमधून. हसू नका. सोसायटीत दोन जागा बायकांच्या झाल्या म्हणून भाऊंनी क्लबातही केल्या. एके दिवशी अंगणवाडीच्या दारात येऊन उभे. टक टक टक.

"सुमन, तू आपल्या क्लबाची संचालक झालीस. बिनविरोध."

म्हटलं, "भाऊ, तो चेंडू हातानं उचलायचा का पायानं मारायचा, एवढंबी मला ठाऊक न्हाई."

"लई चांगलं. ज्यांना ठाऊक हाय त्यांनीच वाटोळं केलंय."

दुसरी बाई दोन सभा झाल्यावर यायची बंद झाली. तिच्या नवऱ्यानं सांगितलं, तिथं फार आरडाओरडा असतो. मला आरडाओरड्याची सवय. चाळीस लेकरं एकदम रडायला लागली की कसं वाटतं ते अंगणवाडीवालीलाच माहीत. मी टिकले. भाऊंच्या बायकोनं, कौसल्यावहिनीनं, मला तेव्हाच बजावलं होतं, "वन्सं, ह्या लोकांच्या मिटिंगला पोटभर खाऊन जात जा. लवकर सुटत न्हाई." मिटिंगा भाऊंच्या अंगणातच व्हायच्या, त्यामुळं ह्या छळाची तिला पुरेपूर कल्पना होती.

बीडच्या मॅचची गोष्ट तर आमच्याकडं अजून लग्नात सांगतात. जिल्ह्याची स्पर्धा, आम्ही टेम्पोतून गेलतो, सोबत मी भाकरी आणि ठेचा बांधून घेतलेला. समोर बीडचा संघ, सगळ्यांच्या अंगात एकसारखे कपडे, एकसारखे मोजे. आमच्यात दोघांचे मोजे होते तेही वेगवेगळ्या रंगाचे. तरी नशीब बघा, अर्ध्या वेळेपर्यंत गोल नाही. दुसऱ्या हाफमध्ये अंकुशचा पाय मुरगळला. बसला खाली बोंबलत. आता त्याला बाहेर काढून दुसरा आत घालायचा, साधी गोष्ट. पण अंकुश म्हणतो, "मला काढायचं आसल तर रीतसर काढा. ठराव घ्या." त्याला वाटलं पांडबाची माणसं डाव साधतायत. भाऊ बाहेरून ओरडले, "संचालक मंडळाची तातडीची सभा!" आणि तुम्हाला सांगते, आमचे सगळेच्या सगळे खेळाडू खेळ सोडून फक्कीच्या रेघेपाशी गोळा झाले. गोलकीपरही आला, तो संचालक होता ना! रेफ्री शिट्टी तोंडात धरून बघतच राहिला. भाऊ त्याला हात जोडून म्हणाले, "साहेब, दोन मिंटं. विषय क्रमांक एक चालू हाय."

तिकडं चेंडू बीडच्या पोरांच्या पायात. त्यांना आधी कळेचना. एकानं इकडं तिकडं बघितलं आणि हळूच, अगदी सभ्यपणे, मोकळ्या गोलात ढकलून दिला. इकडं ठराव मंजूर व्हायला आणि तिकडं गोल व्हायला एकच गाठ पडली. पांडबा पेटला. म्हणाला, आमची सभा चालू असताना झालेला गोल आम्ही मानत नाही, तसा ठराव घ्या. सूचक पांडबा. आणि काय सांगू, अनुमोदक म्हणून लंगडत लंगडत अंकुशनं हात वर केला. दोन्ही पॅनलं पहिल्यांदाच एक झाली. ठराव एकमतानं मंजूर, फक्त रेफ्रीला तो मान्य नव्हता. टेम्पोत येताना मी म्हटलं, "भाऊ, असल्या नियमांचं काय लोणचं घालायचंय का?" भाऊ खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "हरलो त्याचं काय न्हाई गं. पर आज समदे एका जागी उभं राहिलते, बघितलंस का?" मला वाटलं उन्हानं डोकं फिरलं ह्या माणसाचं.

त्यानंतरच्या निवडणुकीत दोन्हीकडं सारखे निवडून आले आणि चेअरमनकी अडली. तेव्हा तडजोड म्हणून भाऊंनी माझं नाव पुढं केलं. मी म्हटलं, होते, पण माझ्या रीतीनं चालवीन. सरावाला उशिरा येणं हा आमच्या क्लबाचा जुना रोग. मी काय केलं, जो उशिरा येईल त्यानं मैदानाच्या मधोमध उभं राहून अंगणवाडीचं बडबडगीत म्हणायचं, हातवारे करून. पहिला सापडला पांडबा. मिशीवाला गडी कमरेवर हात ठेवून बेडकाचं गाणं म्हणतोय आणि स्टेशन पॅनल लोळतंय हसून हसून. दुसऱ्या दिवशी अंकुश सापडला. त्याला चिमणीचं दिलं. आठवड्यात सगळे वेळेवर! भाऊ मला म्हणाले, "सुमन, मी इतकी वर्षं नोटिसा काढत बसलो." तरी आम्ही जिंकायला लागलो असं समजू नका. हरायचोच. पण वेळेवर हरायचो.

आणि मग दुष्काळाचं ते वर्ष आलं. दसऱ्यानंतर निम्मा संघ ऊसतोडीला जायचा हे आमच्या अंगवळणी पडलेलं. टोळीच्या गाड्या निघाल्या की भाऊ रस्त्यावर उभे राहून आमच्या पोरांना सांगायचे, "जागा राखून ठिवतो, पाडव्याला ये." त्या वर्षी मात्र जे कधी गेले नव्हते तेही गेले. मागं राहिलेल्यांत धड सात-आठ जण खेळणारे. विहिरी खडखडीत, टँकर आला की चेंडू सोडून सगळे घागरी घेऊन पळायचे. पाण्यावाचून जनावरं हाडांवर आली. सोसायटीनं चारा छावणी काढायचं ठरवलं आणि जागा शोधायला लागले. सपाट, मोकळी, रस्त्याला लागून, गोडाऊनला चिकटून. अशी जागा गावात एकच होती.

भाऊंच्या अंगणात सभा बसली. मी चेअरमन. विषय एकच, मैदान छावणीला द्यायचं की नाही. पांडबा पहिल्यांदा उठला आणि गरजला, "मैदान द्यायचं न्हाई! एकदा जनावरं बांधली की परत हातात येत न्हाई. क्लब बुडंल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला नवल वाटलं. अख्ख्या गावात सगळ्यात जास्त गाई पांडबाच्या, आणि तोच नको म्हणतोय! भाऊ शेवटी उभे राहिले. त्यांचा आवाज एरवी कसा खणखणीत, त्या दिवशी बसलेला.

"हे मैदान मी धोंडे येचून केलंय. दिलं तर क्लब जातो, मला बी ठाऊक हाय. न्हाई दिलं तर जनावरं जातात. मैदान द्यावं, असा ठराव मी मांडतो. सूचक मी. अनुमोदक कोण?"

कोणीच हात वर करेना. चेअरमनला अनुमोदन देता येत नाही, नाहीतर मीच दिलं असतं. भाऊ उभेच. मला त्यांच्याकडं बघवेना. ज्या माणसाची एकच गोष्ट जगात होती तो ती स्वतःच्या हातानं देऊ बघतोय, आणि घ्यायलाही कोणी पुढं येईना. तेवढ्यात अंकुश उठला. गिरणीवाला, गोठ्यात शेळीसुद्धा नाही. पांडबाकडं बोट दाखवून म्हणाला, "हा नको म्हणतोय ते कावून, मला समजत न्हाई का? उद्या गावानं म्हणू नये की पांडबानं आपल्या गाईंसाठी मैदान घातलं. ह्याच्या गाई मेल्या तर हा गाव सोडून जाईल. मग मी भांडू कोणाशी बे? माझं अनुमोदन." आणि बसला खाली. पांडबानं टोपी काढली, तोंडावर धरली आणि तसाच बसून राहिला. मी ठराव मंजूर केला.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी स्वतः गोलाच्या बल्ल्या उपटल्या आणि छावणीच्या मांडवाला दिल्या. मी पाणी घेऊन गेले तर एका धोंड्यावर बसलेले. म्हणाले, "सुमन, क्लब गेला गं." मी म्हटलं, "जातोय कशाचा, मी चेअरमन हाय." पण ते बोलण्यापुरतं. मलाही वाटत नव्हतं की हे परत उभं राहील.

छावणी महिनोन्‌महिने चालली. आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांची माणसं जनावरं घेऊन तिथंच मुक्कामाला आली. दाव्याला गाई, मांडवात माणसं, तिथंच चुली, तिथंच भांडणं. भाऊ सकाळ-संध्याकाळ चाऱ्याच्या वाटपाला उभे. आता रिकामी बसलेली तरणी माणसं काय करणार? एका संध्याकाळी भाऊंनी चेंडू आणला. दोन दावणींच्या मधल्या बोळात खेळ सुरू झाला. मधेच म्हैस आली की खेळ थांबायचा, म्हैस गेली की चालू. एकदा चेंडू वैरणीच्या ढिगात गेला आणि गाईनं चाटून चाटून चकचकीत करून ठेवला. आमच्या घाटनांदूरकरांनी कधी नावं ऐकली नव्हती अशा तांड्यांवरचे गडी असे काय धावायचे! उसाच्या फडात मोळ्या वाहिलेले पाय ते. कौसल्यावहिनी मला म्हणाली, "वन्सं, हे आता घरी येतात ते निस्तं शेणानं माखून, पर गाणं म्हणत येतात."

पाऊस झाला, छावणी उठली. मैदानावर पायाच्या घोट्याएवढं शेणखत. आणि त्यातून असं गवत फुटलं, असं गवत फुटलं, की विचारू नका. जिथं आयुष्यभर धोंडे आणि फुपाटा, तिथं हिरवागार गालिचा. भाऊ त्यावर अनवाणी चालले. बूट नसलेले त्यांचे पाय मी पहिल्यांदाच पाहिले. डोळे पुसत होते आणि मला सांगत होते, शेणाचा वास लागतोय डोळ्याला. बल्ल्या परत रोवल्या, मोठ्या थाटात पहिला सामना ठेवला, आणि काय होतंय? आमची माणसं धपाधप पडायला लागली! जन्मभर धोंड्यांवर खेळलेले, गवतावर चेंडू पळेना, पाय ठरेना. पांडबानं मॅच थांबवून मागणी केली की गवत काढून टाकावं. अंकुशनं अनुमोदन दिलं. भाऊ एवढे चिडलेले मी कधी बघितले नाहीत. "मुडद्यांनो, लोक गवतासाठी लाखानं खर्च करतात!" म्हणून धावून गेले. ठराव मी फेटाळला.

छावणीतली तांड्यांवरची माणसं क्लबाची सभासद झाली, आणि पुढच्या निवडणुकीत त्यांनी आपलं वेगळं पॅनल उभं केलं. मी कपाळावर हात मारला. दोन काय कमी होती? पण भाऊ मला स्टेशनच्या रस्त्यावर गाठून, जसं काही नातू झाल्यासारखं सांगतात, "सुमन, तिसरं पॅनल झालं!" मी म्हटलं, "त्यात पेढे वाटायसारखं काय हाय?" ते नुसते हसले आणि टक टक करत निघून गेले. त्या संघानं नंतर एकदा तालुक्यात चक्क कप आणला. कप कोणाच्या घरात ठेवायचा यावर तीन सभा झाल्या ते सोडा.

गेल्या वर्षापासून भाऊंचं हृदय कुरकुरायला लागलं. अंबाजोगाईच्या दवाखान्याच्या वाऱ्या चालू झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, त्रागा करायचा नाही, आवाज चढवायचा नाही. मी म्हटलं, मिटिंग आता माझ्या घरी घेऊ. भाऊ ऐकतील तर ना! खाटेवर पडून, अंगावर शाल घेऊन सभा ऐकायचे. बोलायचे नाहीत. दोन पॅनलं गप्प झाली की तिसऱ्याला नुसती भुवई उडवून खूण करायचे, की तो उठलाच. मला दिसायचं सगळं. शेवटची सभा झाली तेव्हा उन्हाळ्याच्या शिबिरात गोलकीपरांना कोण शिकवणार यावर अंकुश-पांडबाची जुंपली होती. मी निघताना भाऊ खाटेवरून म्हणाले, "बरी झाली आज." एवढंच. चेहरा असा तृप्त, जसं काही पुरणपोळी खाऊन उठलेत.

भाऊंचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्याला आता दोन आठवडे झाले. परवा रविवारी त्याच अंगणात क्लबाची सभा बोलावली. विषय, नवा सेक्रेटरी. मी मनाची तयारी करून, पोटभर जेवून गेले. म्हटलं आज रणकंदन आहे. सगळे आले, ओळीनं बसले. कोणीतरी म्हणालं, अंकुशला करा. मी पांडबाकडं बघितलं. पांडबा जमिनीकडं बघत म्हणाला, "चालतंय." तांड्याच्या पॅनलकडं बघितलं. "चालतंय, बाई." मी म्हटलं, मैदानाच्या वर्षाच्या खर्चाचं ठरवायचंय. "तुमी म्हणाल तसं." शिबिराचं? "चालतंय." कसलाच वाद नाही. जे मागितलं ते मंजूर. इतकी वर्षं मी ज्या शांततेसाठी ओरडले ती शांतता अशी समोर येऊन बसली, आणि मला गुदमरायला लागलं. वाटलं, एवढे शहाण्यासारखे वागतायत म्हणजे ही शेवटची सभा. आता इथून उठतील, आपापल्या घरी जातील आणि परत यायचं कारणच राहणार नाही कोणाला.

मी सभा संपली म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात कौसल्यावहिनी आतून आली. चौकटीला धरून उभी राहिली. इतक्या वर्षांत ती सभेत कधी बोलली नव्हती.

"एवढ्यात झालं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "झालं वहिनी. समदं एकमतानं."

ती सगळ्यांकडं बघत राहिली. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "घर लई गप झालंय हो, बाबांनो... जरा भांडा की."

अंगणात कोणाला कोणाकडं बघवेना. अंकुश मान खाली घालून नखानं जमीन उकरत होता. मग पांडबानं घसा खाकरला. उभा राहिला. आवाज फुटत नव्हता तरी ओरडला, "ह्या अंकुशला सेक्रेटरी? ह्याला ऑफसाईड कशाला म्हणतात ते आजून कळलं न्हाई!"

"आन् तुला कळलंय का बे?" अंकुश उठलाच. "बीडला कोण पडलं होतं तोंडावर? मी का तू?"

"ते गवत वलं होतं!"

"बीडला कुठलं आलं गवत?"

तांड्याचं पॅनल उठलं, या दोघांनाही नको, आमचा माणूस घ्या म्हणून. सगळे एकदम बोलायला लागले, डोळ्यांतलं पाणी मनगटानं पुसत पुसत. मी हातावर हात आपटून शांत बसा म्हणायला गेले, पण तसं म्हणावंसं वाटलंच नाही. वहिनी आत गेली. जरा वेळानं आतून तिनं दरडावून विचारलं, एकूण किती कप टाकू, आणि बिनसाखरेचे कोणकोण हाय? त्यावरही एकमत झालं नाही.

सभा दिवस मावळेपर्यंत चालली. काहीच ठरलं नाही. येत्या रविवारी परत बसायचंय.